माझ्या पेटीचा प्रवास

यंदाच्या वार्षिकासाठी काही लिहून द्यावे असा निरोप संपादक-मंडळाकडून आला, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मी चार दिवस विचार करीत होतो. पाचव्या दिवशी मंडळातील एक विद्यार्थी औरंगपुऱ्यातील आमच्या घरी आला आणि म्हणाला, "सर, तुमची पेटी हरवली होती ना, तेच लिहा." शिक्षकाची फजिती वाचण्यात विद्यार्थ्यांस केवढा आनंद वाटतो हे मी पुष्कळ वर्षे जवळून पाहिलेले आहे, तेव्हा त्याचा हेतू माझ्या ध्यानात आला नाही असे नाही. तथापि विषय मला पटला. विमानतळावर आपण जे सामान सोपवितो त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न ती पेटी हरवेपर्यंत मला कधी पडलाच नव्हता. आणि ती सापडेपर्यंतच्या सहा दिवसांत दुसरा कोणताही प्रश्न सुचला नाही.

आधी थोडी जुनी हकीकत सांगितली पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या गावाहून मुंबईस जाणे म्हणजे मनमाडास गाडी बदलणे असे. निजामाच्या राज्यातून १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत जो लोहमार्ग आला तो एक मीटर रुंदीचा, आणि मनमाडवरून जाणारा मुंबईचा मार्ग साडेपाच फुटी. एका मार्गावरची गाडी दुसऱ्यावर चालणे शक्य नव्हते. १९९० नंतरच्या वर्षांत आमचा मार्ग रुंद झाला आणि ही अडचण कायमची मिटली. पण तोपर्यंत साऱ्या मराठवाड्याच्या ट्रंका, वळकट्या, पाण्याचे फिरकीचे तांबे आणि लोणच्याच्या बरण्या मनमाडच्या फलाटावर उतरत आणि हमालांच्या डोक्यावरून दुसऱ्या गाडीत चढत. आजच्या मुलांना ही मौज ठाऊक नाही. मौज म्हटले खरे, पण रात्री दोन वाजता झोपेतून उठवून फलाटावर उभ्या केलेल्या मुलास ती मौज वाटत नसे.

वडील हमाल ठरवीत, दोन आण्यांची घासाघीस करीत (आणे जाऊन पैसे आले होते, पण वडिलांची भाषा आण्यांचीच राहिली), आणि ट्रंक त्याच्या डोक्यावर चढली की मला म्हणत, "आकडा वाच." हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असे व त्यावर त्याचा क्रमांक कोरलेला असे. तो क्रमांक दुसऱ्या गाडीत बसेपर्यंत घोकीत राहणे हे माझे काम. एकदा गर्दीत हमाल पुढे गेला, दिसेनासा झाला, आणि वडिलांनी विचारले तेव्हा आकडा माझ्या डोक्यातून पार नाहीसा झालेला! वडील काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. आम्ही घाईघाईने पूल उतरून डब्यापाशी आलो, तो ट्रंक खाली ठेवून हमाल आमचीच वाट पाहत उभा होता. माझे रडवे तोंड पाहून त्याने सारे ओळखले असावे. आपण होऊन त्याने दंड माझ्यापुढे केला आणि म्हणाला, "बाळ, आता वाच." तो आकडा मी आजही सांगू शकतो; पण तो येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

विमानात मी प्रथम बसलो तो याच सुमारास, एका कामानिमित्त, चिकलठाण्याहून मुंबईस जाताना. त्या वेळी विमानतळावर सामान दिले म्हणजे सुटलो असे नव्हते. विमानापाशी साऱ्या पेट्या उन्हात ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येक उतारूने तेथे जाऊन आपल्या पेटीवर बोट ठेवावे व "ही माझी" असे सांगावे, मग ती विमानात चढावी, असा दंडक होता. टायकोट घातलेले मोठमोठे गृहस्थ बाजारात कोंबडी निवडावी तसे पेट्यांपुढे वाकून उभे राहिलेले पाहून मला हसू आले होते.

या दंडकामागचे कारण मला पुढे कळले, आणि ते हसण्यासारखे मुळीच नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' नावाचे विमान कॅनडाहून लंडनमार्गे दिल्लीस येत असता आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोट होऊन कोसळले व ३२९ माणसे प्राणास मुकली. स्फोटक द्रव्य एका पेटीत होते. ती पेटी विमानात चढली होती. पेटीचा मालक म्हणविणारा उतारू मात्र विमानात चढलाच नव्हता. त्याच दिवशी जपानातील नारिता विमानतळावर तशाच दुसऱ्या एका पेटीचा, ती एअर इंडियाच्या विमानात चढविण्यापूर्वीच, स्फोट झाला आणि सामान हलविणारे दोन कामगार जागच्या जागी ठार झाले. उतारू नसेल तर त्याची पेटीही विमानात असता कामा नये, हा आजचा नियम अशा किमतीने आलेला आहे. हल्ली आपणांस पेटीवर बोट ठेवावे लागत नाही. चढलेल्या पेट्यांचे आकडे आणि चढलेल्या माणसांची यादी यंत्रच ताडून पाहते. कोणी महाशय दुकानात अत्तर हुंगीत बसले आणि विमान चुकले, तर त्यांची पेटी शोधून खाली उतरवीपर्यंत बाकीच्या साऱ्यांना खोळंबून राहावे लागते, त्याचे कारण हे.

आता माझ्या पेटीकडे वळतो. माझी कन्या इंग्लंडात असते. डिसेंबर २०२३ मध्ये मी तिच्याकडे निघालो. चिकलठाण्यास पेटी दिली, मध्ये एका मोठ्या विमानतळावर विमान बदलावयाचे होते. "तेथे पेटी मला उचलावी लागेल काय?" असे मी विचारले. खिडकीवरील मुलीने हसून सांगितले, "नाही आजोबा, ती थेट तिकडेच मिळेल." मनमाडचा पूल आठवून मला फार बरे वाटले. पेटीत गरम कपडे होते, जावयासाठी हिमरू शाल होती, मेतकूट होते, कुरड्या होत्या, आणि एक वही होती.

या वहीविषयी लिहिणे मला जड जाते. पण तिच्यावाचून गोष्ट अपुरी राहील. माझी आई पहाटे दळताना ओव्या म्हणत असे. जाते घरातून गेल्यावरही ती पुढे कित्येक वर्षे भाजी निवडताना, नातीस झोपविताना त्या म्हणे. तिच्या अखेरच्या दोन वर्षांत मी तिच्यापाशी बसून त्या उतरून घेतल्या. दोनशे पानी वही जवळजवळ भरली. ती वही मुलीने मागितली होती. आयुष्यभर विद्यार्थ्यांना "महत्त्वाच्या लेखाची एक प्रत स्वतःपाशी ठेवावी" असे बजावणाऱ्या या शिक्षकाने त्या वहीची प्रत केलेली नव्हती. आणि हातपिशवी जड नको म्हणून ती वही पेटीत ठेविली होती.

उतरल्यावर पट्ट्यापाशी उभा राहिलो. ज्यांनी विमानप्रवास केला आहे त्या पालकांना ते दृश्य ठाऊक आहे. सर्वजण पट्ट्याला पोटऱ्या टेकवून उभे राहतात, जणू पेटी आपल्याला चुकवूनच पळणार आहे. चार पावले मागे उभे राहिल्यास साऱ्यांना दिसेल, हे कोणाच्याही मनात येत नाही. काळ्या पेट्या आल्या, निळ्या आल्या, दोरीने बांधलेले एक खोके तीनदा फिरून गेले. माणसे पांगली. पट्टा थांबला. थांबलेल्या रिकाम्या पट्ट्याइतकी ओसाड वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

तक्रारीच्या खिडकीवर एका बाईंनी माझ्यापुढे एक तक्ता ठेविला. त्यावर नाना आकारांच्या पेट्यांची चित्रे व रंगांचे ठिपके होते. माणसांची भाषा कोणतीही असो, त्याने चित्रावर बोट ठेवावे, अशी ती युक्ती. पुन्हा एकदा पेटीवर बोट ठेवण्याची पाळी माझ्यावर आली. फरक इतकाच की आता पेटी चित्रातली होती! "रंग कोणता?" "काळा." बाईंनी सुस्कारा टाकला. काळ्या पेट्या जगात किती आहेत हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. मग त्यांनी विचारले, "आत काय आहे?" मी शाल सांगितली, वही सांगितली. मेतकूट म्हणजे काय हे मात्र मला इंग्रजीत सांगता आले नाही. त्यांनी मला पाच अक्षरे व पाच आकडे असलेला एक क्रमांक दिला. जगातील बहुतेक विमानतळांवर अशा तक्रारींची एक सामाईक नोंदवही असते. एका ठिकाणी हरवलेल्या आणि दुसऱ्या ठिकाणी बेवारस पडलेल्या पेट्यांची वर्णने ती ताडून पाहत असते.

पुढील सहा दिवस मी जावयाचा कोट घालून बसलो होतो. तो मला गुडघ्यांपर्यंत येत असे. मुलगी दिवसातून दहा वेळा दूरध्वनी करी व दर वेळी उत्तर येई, "शोध चालू आहे." एकवीस दिवसांत पेटी आली नाही तर ती हरवली असे समजावे आणि भरपाई मागावी, असा १९९९ च्या माँट्रियल कराराचा नियम आहे, भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. भरपाईची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशोबी एककांत ठरलेली आहे. त्या वेळी ती १,२८८ एकके होती, २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ झाली. शालीची किंमत मी सांगू शकलो असतो. वहीच्या रकान्यात काय लिहावे, या विचाराने मला रात्री झोप येईना. आईच्या ओव्यांपैकी पाठ असलेल्या आठवून मी कागदावर मांडू लागलो. दोनशे पानांपैकी चार पाने भरली व मग काही आठवेना. नात शेजारी बसून पाहत असे. "आजोबा, बाकीच्या कुठे गेल्या?" असे तिने विचारले. पेटीत गेल्या, एवढेच मला सांगता आले.

झोप येत नसल्यामुळे मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यातील काही भाग बालवाचकांस आवडेल म्हणून येथे देतो.

पेटीला लावावयाची दुभंगी चिठ्ठी, म्हणजे अर्धी पेटीवर व अर्धी उतारूच्या हाती, ही कल्पना कॅनडातील माँक्टन येथील जॉन मायकेल लायन्स याच्या नावे १८८२ मध्ये नोंदली गेली. तेव्हा विमाने नव्हती. ती सोय आगगाडीची व आगबोटीची. तीच चिठ्ठी आज विमानाच्या पेटीवर आहे. मात्र आता तिजवर दहा आकडी क्रमांक व उभ्या काळ्या रेघा असतात. पहिला आकडा चिठ्ठीचा प्रकार दाखवितो, पुढचे तीन विमान कंपनी कोणती ते सांगतात, उरलेले सहा त्या पेटीचे स्वतःचे. रेघा दोन दिशांनी छापलेल्या असतात. पेटी आडवी पडो की उभी, यंत्राच्या किरणास त्या वाचता याव्यात. म्हणजे हा मनमाडचा बिल्लाच. फक्त हमालाच्या दंडावरून निघून तो ट्रंकेच्या कानाला जाऊन बसला.

आकडे वाचता येतात याचा अर्थ ते प्रत्येक ठिकाणी वाचले जातात असा नव्हे. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ च्या जूनपासून आपल्या सभासदांवर असे बंधन घातले, की पेटीची नोंद निदान चार ठिकाणी झालीच पाहिजे: उतारूकडून घेताना, विमानात चढविताना, एका विमानातून दुसऱ्याकडे सोपविताना, आणि उतारूस परत देताना. हे चारही क्षण हात बदलण्याचे आहेत. माझ्या मते या साऱ्या सुधारणेचे मर्म येथेच आहे. पेटी पट्ट्यावर धावत असता सहसा हरवत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना हरवते. 'सिटा' नावाची संस्था याचे वार्षिक हिशोब प्रसिद्ध करते. तिच्या आकड्यांप्रमाणे २००७ मध्ये दर हजार उतारूंमागे १८.८८ पेट्यांची काही ना काही हेळसांड झाली होती. २०२४ मध्ये हे प्रमाण ६.३ वर आले. सुधारणा मोठी आहे, ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण उरलेल्यांत सर्वांत मोठा वाटा विमान बदलतानाच्या पेट्यांचा आहे. म्हणजे मनमाड अजून संपलेले नाही.

यंत्रे आणली की काम झाले, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी दोन हकीकती अवश्य वाचाव्यात. अमेरिकेत डेन्व्हर येथे नवा विमानतळ बांधताना असे ठरले, की साऱ्या पेट्या संगणकाच्या हुकमतीखाली चालणाऱ्या गाड्यांतून रुळांवरून आपोआप विमानापर्यंत जातील. १९९४ मध्ये वार्ताहरांसमोर याचा प्रयोग झाला तेव्हा पेट्या चेंगरल्या व कपडे रुळांवर विखुरले. विमानतळ ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडावयाचा तो २८ फेब्रुवारी १९९५ रोजी उघडला. त्या यंत्रणेचा उपयोग पुढे एकट्या एका कंपनीने थोडाबहुत केला आणि २००५ मध्ये तिनेही तो सोडून माणसांच्या हातगाड्या परत आणल्या. दुसरी हकीकत लंडनची. २७ मार्च २००८ रोजी हीथ्रोचे पाचवे टर्मिनल सुरू झाले. यंत्रे नवी होती, परंतु कामगारांना गाडी कोठे लावावी, कोणत्या दाराने शिरावे, संगणकात प्रवेश कसा करावा हेच त्या सकाळी उमगेना. पहिल्या पाच दिवसांत २३ हजारांवर पेट्या अडकून पडल्या व सुमारे ५०० उड्डाणे रद्द झाली. अडकलेल्यांपैकी कित्येक पेट्या छाननीसाठी ट्रकांत घालून इटलीतील मिलान शहरी पाठवाव्या लागल्या! डेन्व्हरला यंत्रावर नको इतका विश्वास टाकला गेला; हीथ्रोला माणसांना शिकविण्यात कसूर झाली. मला विचाराल तर दुसरी चूक अधिक मोठी. परीक्षेच्या दिवशी वर्गाची खोली बदलावी आणि मुलांना सांगू नये, तशातला तो प्रकार.

सहाव्या दिवशी संध्याकाळी दूरध्वनी आला. पेटी सापडली होती. ती मधल्या विमानतळाच्या एका कोपऱ्यात कानाशिवाय पडून होती. म्हणजे तिची चिठ्ठी कोठेतरी अडकून फाटली होती. दहा आकडी क्रमांक, उभ्या रेघा, किरण, सारे त्या फाटलेल्या कागदाबरोबर गेले. अशा बेवारस पेटीची कोणा कर्मचाऱ्याने रीतीप्रमाणे उघडून पाहणी केली. त्याला शाल दिसली, वही दिसली. वहीच्या पहिल्या पानावर मी सवयीने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: माझे नाव, 'औरंगपुरा, औरंगाबाद', आणि इयत्तेच्या जागी एक आडवी रेघ. मुलांना जे शिकविले ते निदान तेवढे तरी स्वतः पाळले होते. त्या कर्मचाऱ्यास मराठी वाचता येत होते, त्याने नाव नोंदवहीत घातले, आणि माझी तक्रार व ती पेटी यांची गाठ पडली. तो कोण होता हे मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी दारात आली. मुलीने शालीकडे पाहिलेही नाही. वही उघडून ती जिन्यातच बसली.

या गोष्टीवरून यंत्रे व्यर्थ, जुने तेच सोने, असा निष्कर्ष कोणी काढू नये. चिठ्ठी फाटली नसती तर पेटी माझ्याबरोबरच आली असती, आणि प्रत्येक पेटीतली वही वाचीत बसावयाचे म्हटले तर विमाने उडणार केव्हा? हल्ली काही विमानतळांवर चिठ्ठीत एक बारीक चकती घालतात. ती दुरूनही, नजरेआड असली तरी वाचता येते. ती अधिक लवकर सर्वत्र यावी असे मला मनापासून वाटते. आपल्या देशातही बदल होत आहेत. पूर्वी हातपिशवीला कागदी चिठ्ठी बांधून तिजवर पहाऱ्याचा शिक्का उमटवून घ्यावा लागे, आणि शिक्का नसलेला उतारू विमानाच्या दारातून परत पाठविला जाई. १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्ली आदी सात मोठ्या विमानतळांवर ती पद्धत बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने सात विमान कंपन्यांना बजावले, की विमान उतरल्यावर शेवटची पेटीसुद्धा तीस मिनिटांच्या आत पट्ट्यावर आली पाहिजे. हे उत्तम झाले. परंतु त्या तीस मिनिटांत कोणाची पाठ वाकते याचा विचार मी तोपर्यंत केलेला नव्हता.

तो विचार मला एका जुन्या विद्यार्थ्याने करावयास लावला. एप्रिल २०२४ मध्ये, ईस्टरच्या सुटीत, मी मुलीला व नातीला घेऊन परत आलो. वही या वेळी माझ्या मांडीवर होती, आणि तिच्या दोन प्रती मुलीच्या घरी कपाटात होत्या. नात सात वर्षांची. निघताना पेटीची चिठ्ठी मी तिच्यापुढे धरली व म्हटले, "आकडा वाच." तिने तो वाटेत एकसारखा घोकला, झोपेतून उठून घोकला, हवाई सुंदरीला म्हणून दाखविला. चिकलठाण्याच्या पट्ट्यावर पेटी आली तेव्हा रंग, आकार कशाकडेही न पाहता तिने आधी चिठ्ठी धरली आणि दहाही आकडे पडताळून पाहिल्यावर मगच ती मला उचलू दिली. पेटीचे एक चाक मात्र वाटेत राहिले होते.

तेवढ्यात काच-दारापलीकडून एका कामगाराने हात केला. मी त्याला सातवीस शिकविले होते. गणितात तो बेताचाच होता, पण वर्गातील बाके हलवावयाची असली की सर्वांच्या आधी उठे. पाळी संपल्यावर संध्याकाळी तो औरंगपुऱ्यात घरी आला. चाक पाहून तो जरा ओशाळला, मी म्हणालो, "अरे, तुझ्याच हातून झाले असे कोण म्हणतो?" मग त्याने आपले काम सांगितले. लहान विमानांच्या पोटात मनुष्याला ताठ उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून एकाने पेटी आत सरकवावयाची आणि दुसऱ्याने ती रचावयाची. मे महिन्यात धावपट्टीलगतचा डांबरी चौथरा तापलेला असतो, आणि विमानाचे पोट त्याहून तापलेले. "सर, पेटी आपटली जाते ती रागाने नाही. घड्याळाने आपटली जाते. विमान वेळेवर सुटले नाही तर विचारणारे दहा जण असतात. चाक तुटले तर विचारणारे तुम्ही एकटे."

एका पेटीचे वजन ३२ किलोंच्या वर नसावे, असा सर्वत्र नियम आहे. तो आपली अडवणूक करण्यासाठी केलेला आहे असे मी आजवर समजत होतो. तो उचलणाराच्या पाठीसाठी आहे, हे त्याने मला सांगितले. काही मोठ्या विमानतळांवर पेटी उचलण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे असतात. विमानाच्या पोटात शिरून पेट्या आतपर्यंत नेणारे पट्टेही निघाले आहेत. नव्या टर्मिनलांच्या काचांवर जो पैसा खर्च होतो त्याचा लहानसा हिस्सा या वस्तूंकडे वळविला तर त्याला मी खरे आधुनिकीकरण म्हणेन. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती पालकांनी ध्यानात ठेवावी. भ्रमणध्वनीचे बॅटरी-साठे, म्हणजे पॉवरबँक, मोठ्या पेटीत ठेवण्यास मनाई आहे. त्यांनी पेट घेतला तर पोटातली आग कोणास दिसणार? तरी रोज कोणी ना कोणी ते ठेवतोच. मग ती पेटी बाजूला काढावी लागते, उतारूला बोलवावे लागते, आणि पुष्कळदा ती पेटी मागे राहते. "आणि नाव आमचे होते," तो म्हणाला.

एवढा वेळ नात त्याच्याकडे टक लावून पाहत होती. मनमाडच्या हमालाची गोष्ट तिने विमानात माझ्याकडून दोनदा ऐकली होती. तिने त्याला विचारले, "काका, तुमचा नंबर किती?" त्याला प्रथम उमगले नाही. मग तो हसला, गळ्यातील ओळखपत्र खिशातून बाहेर काढले आणि तिच्यापुढे वाकून धरले. तिने ते एकेक आकडा करीत मराठीतून वाचले. दोन ठिकाणी अडखळली, त्याने सांगितले. चहा घेऊन तो निघाला तेव्हा पेटीचे चाक मोजून गेला. तसले चाक पैठण गेटजवळ कोणाकडे तरी मिळते, असे त्याचे म्हणणे आहे. अद्याप मिळालेले नाही.